ओल्या चादरींमागचा कॉम्प्रेसर

पितृपक्ष सरत आला की लालबागचे मूर्तींचे कारखाने ओस पडतात. ताडपत्र्या उतरतात, बांबू सुटतात, फुटपाथवर प्लास्टरची पांढरी पूड तेवढी उरते. मग एके सकाळी आमच्या भोईवाड्यातल्या चाळीचा लाकडी जिना कुरकुरायला लागतो. दोन माणसं एकमेकांना "संभाळ रे, कोपरा संभाळ" करत एक लाल टाकी वर चढवतात. तिच्या पोटाला चाकं, डोक्यावर मोटर, आणि गळ्यात गुंडाळलेली रबरी नळी, जिच्यावर गणपतीच्या अंगाचा गुलाबी रंग जागोजागी वाळलेला. मी स्वयंपाकघरात असते. न बघताच मला कळतं, कॉम्प्रेसर आला.

यंदाही परवा आला. आणि दरवर्षीसारखीच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली, की ही हवा धूळ काढते म्हणजे नेमकी नेते कुठे?

माझा स्वभावच संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं एका विमा कंपनीच्या कचेरीत लोकांचे दावे तपासण्यात गेली. समोरचा माणूस हात प्लास्टरमध्ये घेऊन आला तरी मी आधी प्लास्टर खरं आहे का ते बघायची. नवरा म्हणतो, "तू ना, देवळात गेलीस तरी तीर्थ हुंगून पितेस." पितेच. हुंगायला काय जातं?

केरसुणीवर मात्र माझा विश्वास आहे. केरसुणी काय केलं ते दाखवते. कोपऱ्यात ढीग जमतो, त्यात केस, शेंगदाण्याची सालं, हरवलेलं बटण, सगळं डोळ्यांसमोर असतं. सुपलीत भरा, टाका, विषय संपला. हवेचं तसं नाही. फुस्स झालं, पंख्याची पाती लखलखली, आणि धूळ? ती इथली उठली आणि तिथे बसली. शेजारच्या परबकाकूंच्या लोणच्याच्या बरणीवर बसली नसेल कशावरून? साफसफाई म्हणायची की धुळीची बदली, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

पहिल्यांदा ही टाकी आमच्या घरी आली ते वर्ष मला आवाजासकट आठवतं. त्या वर्षी आमच्या समोरच्या गिरणीच्या जमिनीवर टॉवर चढत होता. पावसाळ्यात त्याचा चिखल आणि पाऊस थांबला की त्याची धूळ. खिडकीच्या कठड्यावर सकाळी पुसलं तर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं. श्रावणात गणपतीआधीची साफसफाई काढली, माळ्यावरचं सामान खाली आलं, आणि धुरळा उठला तशी माझ्या सासूबाईंना, आईंना, धाप लागली. ओठ निळे पडले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, या खोलीत ही धूळ आहे तोवर या इथे नकोत. त्याच संध्याकाळी त्यांना बदलापूरला माझ्या नणंदेकडे नेलं.

आईंची बॅग मी भरली. बॅग भरावी तर मी, असं घरात सगळे मानतात. माझ्या संशयाचा तेवढा एक उपयोग आहे. पाऊस पडला तर, ताप आला तर, लाइट गेली तर, प्रत्येक 'तर'साठी माझ्याकडे एक वस्तू असते. आईंच्या साड्या, औषधं, वाफ घ्यायचं भांडं, जपमाळ, चष्म्याची जुनी जोडी, पायमोजे आणि सगळ्यांत वर त्यांची तपकिरी लोकरीची शाल. चेन लावताना गुडघा टेकवावा लागला. आई खाटेवर बसून बघत होत्या, पण बोलायला श्वास कुठे होता? मी म्हटलं, "काळजी करू नका आई, सगळं दिलंय." त्यांनी मान हलवली.

मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली, त्यामुळे त्यानंतर घरात आम्ही तिघंच उरलो. मी, माझा नवरा संजय आणि सासरे अप्पा. अप्पा मूळचे मालवणकडचे, पण आयुष्य गेलं परळमध्ये. तरुणपणी गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होते. तिथे कापूस हवेतच असायचा. पाळी सुटली की माणसं हवेच्या पाइपाखाली उभी राहून अंगावरचा कापूस उडवायची, म्हणजे रस्त्यावर माणसासारखं दिसता यावं. तरी कानामागे थोडा राहायचाच, आणि तो आई काढायच्या. गिरणी गेली, मग अप्पा लालबागच्या मूर्तीच्या कारखान्यात रंगाच्या कामाला लागले. तिथेही हातात हवेचीच नळी. आता वयामुळे काम सोडलंय, पण कारखान्यात त्यांच्या शब्दाला मान आहे.

आईंच्या खाटेकडे अप्पा बघायचेच नाहीत. जेवताना पाठ करून बसायचे. आई कधी येणार हा विषय मी काढला की "बघूया" म्हणून चहाचा कप उचलायचे. मला वाटलं, पुरुषमाणूस, सवय झाली असेल. पण सवय झालेला माणूस रोज संध्याकाळी फोन घेऊन गॅलरीच्या टोकाला कशाला जातो? आमच्याकडे पाहुण्यांचे फोनसुद्धा सगळ्यांच्या कानांवर पडतात. आणि अप्पा तर फोनवर बोलतात तेव्हा समोरच्याला फोनची गरज नसते. तेच अप्पा आता कुजबुजत होते.

अशात पितृपक्षात तो कॉम्प्रेसर आला.

पितृपक्षात आमच्या घरी साधी टाचणी विकत आणायची सोय नाही. एकदा मी मिक्सर आणला तर अप्पांनी तो सर्वपित्री अमावस्येपर्यंत परबकाकूंकडे ठेवायला लावला होता. म्हणून मी दारातच विचारलं, "अप्पा, नवी वस्तू? आत्ता?"

"नवी खय?" अप्पा टाकीवर थाप मारून म्हणाले. "धा वर्सां जुनी आसा. कारखान्यात पडून होती. घर झाडूया म्हटलंय."

घर झाडूया! ज्या माणसाने आयुष्यात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नव्हता, तो घर झाडणार होता. माझ्या कचेरीतल्या अनुभवाने सांगते, माणूस एकदम सुधारला की तिथे काहीतरी गडबड असते.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. अप्पांनी नळीला रंगकामाचीच गन ठेवली होती. धुऊन घेतली होती म्हणे, पण तिच्या पेल्याच्या तळाशी मूर्तींच्या मुकुटांची सोनेरी पूड चिकटून राहिली होती. मोटर धडधडली, चाळीच्या भिंती थरथरल्या, अप्पांनी खाटेवरच्या कोपऱ्यातल्या जळमटावर नेम धरला आणि खटका दाबला. जळमट गेलं. त्या जागी भिंतीवर परातीएवढा सोन्याचा ढग उमटला. थोडं सोनं अप्पांच्या पांढऱ्या केसांवर आणि भुवयांवरही बसलं. संजय हसून खाली बसला. मी ओला फडका घेऊन धावले, तर ते आणखी पसरलं.

"राव दे," अप्पा म्हणाले. "द्येवाचो रंग. पुसू नये."

दुसऱ्या दिवशी ते साधं नोझल घेऊन आले, आणि मग खरा प्रकार सुरू झाला. दुपारी मी बाजारातून आले तर आमच्या दारावर आतून एक ओली चादर लटकत होती. खिडकीवर दुसरी. आत मोटर घरघरत होती आणि दार अर्धवट लोटलेलं. मी चादर बाजूला सारली तर तोंडाला पंचा बांधलेले अप्पा ओरडले, "भायर! सगळ्यांनी भायर!" माझ्याच घरातून मला हाकललं. मी गॅलरीत भाजीची पिशवी घेऊन उभी.

तिथे परबकाकू होत्याच. काकू बाजूच्या खोलीत पन्नास वर्षं राहतात आणि भिंतीपलीकडचं त्यांना आपल्याआधी कळतं.

"काय गं, पडदे लावून काय करतात अप्पा?"

"साफसफाई म्हणतात."

"हो का?" काकूंनी आवाज खाली आणला. "बघ हो. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांनी पण असंच चकाचक केलं होतं. मग एजंट आला, खोली दाखवली, आणि महिन्यात बिऱ्हाड गावाला. सुनेला सगळ्यात शेवटी कळलं."

काकूंचं बोलणं मी एरवी अर्ध्यावर सोडून देते. पण हे डोक्यात बसलं. अप्पांचा जीव गावात आहे हे मला ठाऊक होतं. आई या खोलीत श्वास घेऊ शकत नव्हत्या, तर खोली देऊन टाकायची आणि दोघांनी गावी मोकळ्या हवेत राहायचं, यात चूक काय होतं? चूक एवढीच, की मी या खोलीत सून म्हणून आले, माझी मुलगी इथे रांगली, आणि मला कोणी विचारत नव्हतं. खोली अप्पांच्या नावावर. संजयला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं काय तू पण! म्हातारा टाइमपास करतोय, करू दे ना."

टाइमपास करणारा माणूस घर असं उकरत नाही. अप्पांनी जमिनीच्या लाकडी फळ्यांमधल्या फटी एकेक करून हवेने मोकळ्या केल्या. त्यांतून काय काय निघालं! माझ्या मुलीचा दुधाचा दात असावा असं काहीतरी, खडू, एक मणी, वर्षानुवर्षांचे तांदळाचे दाणे, दिवाळीतल्या फुलबाजीची तार. पंख्याच्या पात्यांची मागची बाजू, जी लग्न झाल्यापासून मी पाहिली नव्हती, ती खरं तर पांढरी होती. माळ्यावरच्या ट्रंका, मीटरची पेटी, दाराच्या बिजागऱ्या, खाटेच्या नवारीचं एकेक भोक. आणि दर वेळी काम झालं की अप्पा दारावरची ओली चादर उतरवून मोरीत न्यायचे आणि स्वतः धुवायचे. पाणी काळं यायचं. ते स्वच्छ येईपर्यंत पिळत राहायचे. माझं धुळीचं कोडं त्या पाण्यात सुटलं होतं, हवेने उठलेली धूळ ओल्या चादरीने धरली होती. पण मला तेव्हा धुळीपेक्षा पुरावा धुतला जातोय असं वाटत होतं.

एका संध्याकाळी दिवेलागणीलाही मोटर चालू होती. परबकाकू दारात येऊन कडाडल्या, "अहो अप्पा, तिन्हीसांजेला केर काढू नये, लक्ष्मी बाहेर जाते!"

आतून उत्तर आलं, "केर खय काढतंय? वारो घालतंय!"

काकू आल्या पावली परतल्या. वारा घालू नये असं काही शास्त्रात नाही. हसू आलं मला, पण मनातून मी हादरले. अप्पा म्हणजे नेमधर्माचा माणूस, तिन्हीसांजेचा नियम असा वळवून घेतो म्हणजे त्याला कसली तरी घाई आहे.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो माणूस आला. खिशाला पेन, हातात टेप. मी कचेरीतून लवकर सुटले होते. जिन्यावरून वर येताना पाहिलं, तो आमच्या खोलीत उभा राहून मापं घेत होता आणि अप्पा टेपचं दुसरं टोक धरून होते. मला बघताच अप्पांनी टेपचं टोक सोडलं. "येतो मी अप्पा, दिवाळीआधी होऊन जाईल," म्हणत तो माणूस माझ्या बाजूने निसटला. त्याच संध्याकाळी अप्पा गॅलरीच्या टोकाला फोनवर बोलत होते आणि मी, लाज सोडून सांगते, नळावर बादली भरायच्या निमित्ताने जवळ जाऊन उभी राहिले. "जागा साफ झाली की मगे ठरवूया," अप्पा म्हणत होते. "नाय, सुनेक अजून काय एक सांगूक नाय मी."

बादली भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही.

रात्रभर रुसून, सकाळी झेंडूची तोरणं करताना मी ठरवलं, आज विचारायचंच. दसऱ्याचा दिवस. अप्पांनी टाकी पुसून तिला गंध लावलं, हार घातला, आपट्याची पानं वाहिली. कारखान्यातली सवय. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अप्पा, खोली देताय ना?"

"कोणाक?"

"मला माहीत नाही कोणाला. तो टेपवाला आला होता. तुम्ही फोनवर बोलता. सुनेला काही सांगितलं नाही म्हणता. मी काय परकी आहे?" बोलता बोलता माझा आवाज चिरकला. मला त्याचाही राग आला.

अप्पांनी टाकीवरचा हार सारखा केला. "तो खिडकेवालो," ते म्हणाले. "सरकती काच बसवूची आसा, टावरची धूळ आत येव नये म्हणान. खोली कित्याक दिव? तुझ्या सासूक हयसर आणूची आसा. दिवाळेक."

"मग हे चोरून कशाला? मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं?"

अप्पांनी हातातली उरलेली आपट्याची पानं खाली ठेवली. मग मालवणी सोडून, कारखान्यातल्या साहेबाशी बोलावं तसं जपून म्हणाले, "तिनेच फोनवर सांगितलं, सुनेला आत्ताच कळू देऊ नका. आधी घर श्वास घेण्यासारखं करा, मग तिचं मन बघा. तुझ्या सासूला वाटतं, तुला ती आता इथे नको आहे."

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. शाल दिलीस."

मला अर्थच लागेना.

"श्रावणात गेली ती," अप्पा म्हणाले. "बदलापूरला बॅग उघडली तर वर शाल. ती म्हणाली, थंडीची शाल आत्ताच दिली म्हणजे थंडीत पण बोलवायचं नाही असं दिसतंय."

आधी मला राग आला, मग हसू आलं, आणि मग झेंडूच्या ढिगासमोर बसून मी रडले. इतके दिवस मी एका म्हाताऱ्या माणसावर पाळत ठेवून होते. टेप मोजत होते, चादरी मोजत होते. आणि तिकडे बदलापूरला दुसरी एक बाई मी भरलेली शाल घेऊन बसली होती, तिची घडी उलगडून माझं मन वाचत. ती वाचत होती ते चूक होतं, पण वाचायची पद्धत माझीच होती. या घरात एकच संशयी बाई आहे असं मी उगाच समजत होते.

डोळे पुसून मी फोन लावला. "आई, हॅपी दसरा" वगैरे काही सुचलं नाही. म्हटलं, "आई, दिवाळीला येताना शाल विसरू नका. परत आणा."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. बरा होता. "मुंबयक खयची गो थंडी?" त्या म्हणाल्या.

"पडते. डिसेंबरात पडते. तुम्ही तेव्हा इथेच असणार आहात ना?"

 आईंनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "खाटेखाली झाडलां काय नीट? तेंका खालचा दिसणा नाय."

वसुबारसेला आई आल्या. उंबऱ्यात थांबल्या, नाकाने हवा आत ओढली, जशी मी तीर्थ हुंगते तशी. मग आत येऊन फळीवरून बोट फिरवलं आणि खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. अप्पा एवढे ताठ उभे होते, जणू गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, कापड तपासतोय. बोट स्वच्छ होतं. आईंनी नंतर वर बघितलं, खाटेवरच्या भिंतीकडे, सोन्याच्या ढगाकडे.

"ह्या कसला?"

"द्येवाचो रंग," अप्पा म्हणाले.

आईंनी अप्पांच्या कानामागे बघितलं, तिथेही एवढ्या दिवसांनी अजून जरा चमकत होतं. त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि पुसून काढलं. मी स्वयंपाकघरात गेले.

आता टॉवरमध्ये माणसं राहायला आली आहेत. त्यांच्या खिडक्यांना आपल्यासारखी धूळ बसते की नाही कोण जाणे, मला तरी संशय आहे. भिंतीला मध्यंतरी रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने तो सोनेरी ढग सोडूनच रंगवलं. अप्पांचे हात आता थरथरतात, नळी धरवत नाही, म्हणून खटका मी दाबते. चादरी कशा बांधायच्या, वरून खाली कसं यायचं, हवेतल्या ओलाव्याचं टाकीत साठलेलं पाणी रोज कॉक उघडून कसं काढायचं, हे सगळं ते खुर्चीवरून ओरडून सांगतात. परबकाकूंचीही खोली आम्ही करून देतो. हल्ली त्या तिन्हीसांजेचं काही म्हणत नाहीत.

आणि कॉम्प्रेसर घरात असतो ते चार-आठ दिवस आई बदलापूरला जातात. डॉक्टरांचंच तसं सांगणं आहे. बॅग मीच भरते, पण आता तिची चेन एका बोटाने लागते. दोन साड्या आणि औषधं. एवढीच. शाल मी खाटेशेजारच्या खुंटीवर टांगून ठेवते, दारातून दिसेल अशी.

परवा निघतानाही आईंनी बॅग उचलून तिचं वजन बघितलं. मग मान वळवून खुंटीकडे बघितलं. शाल जागेवर होती. तेव्हा कुठे त्यांनी चपला घातल्या.